जोकिची ताकामिने

शिळ्या भातावर बुरशी आली, की आपण तो टाकून देतो. जपानमध्ये मात्र शेकडो वर्षांपासून लोक वाफवलेल्या तांदळावर एक विशिष्ट बुरशी मुद्दाम वाढवीत आले आहेत. सुमारे दोन दिवसांत दाण्यांवर पांढरी लव पसरते आणि त्यांतील पिष्टाची साखर होऊ लागते. अशा तांदळाला तेथे कोजी म्हणतात. पुढे यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव या साखरेचे मद्य करतात. जपानी लोकांचे साके हे मद्य असे तयार होते. आंबवण्याच्या या क्रियेला शास्त्रीय भाषेत किण्वन असे नाव आहे.

जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ साली जपानमधील ताकाओका या गावी झाला. वडील वैद्य होते; आईच्या माहेरी साके गाळण्याचा व्यवसाय होता. कोजीची विद्या अशी आजोळची. पण तिच्यामागील शास्त्र समजून घेण्यास दूर जावे लागले. बालवयातच त्यांना परभाषा शिकण्यासाठी नागासाकीला धाडण्यात आले. १८७९ साली तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाले आणि नंतर स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे त्यांनी पुढील अध्ययन केले. मायदेशी परतल्यावर त्यांनी रासायनिक खतांचा कारखाना काढला. तो चांगला चालू लागला होता.

तरीही त्यांचे मन कोजीत गुंतले होते. पाश्चात्त्य देशांत मद्य गाळताना सातूला मोड आणून त्यांपासून साखर करीत. या कामी बरेच दिवस जात आणि खर्चही पुष्कळ येई. तेच काम बुरशीकडून थोडक्या वेळात का करून घेऊ नये? ताकामिने यांनी तांदळाऐवजी गव्हाच्या स्वस्त कोंड्यावर बुरशी वाढवून पाहिली. ती जोमाने वाढली. १८९० साली पत्नी कॅरोलिन व दोन लहान मुलगे यांना घेऊन ते अमेरिकेस गेले. पुढे इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी त्यांचे प्रयोग सुरू झाले.

प्रयोग यशस्वी होऊ लागले, तोच विरोध उभा राहिला. मोड आलेले सातू पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला धंदा बुडण्याची धास्ती वाटली. १८९१ साली कारखाना आगीत जळून गेला. ही आग कोणी मुद्दाम लावली असावी असा संशय अनेकांना आला, परंतु ते सिद्ध झाले नाही. त्यातच ताकामिने यकृताच्या विकाराने अंथरुणास खिळले. परका देश, हाती पैसा नाही. कॅरोलिनबाईंनी त्या दिवसांत संसार कसा सावरला असेल, याची कल्पनाच करावी!

मद्याचा उद्योग हातचा गेला, पण बुरशीचे ज्ञान गेले नव्हते. पिष्टाची साखर करणारा पदार्थ, म्हणजे बुरशीने निर्माण केलेले विकर, वेगळे काढता आले तर? ताकामिने यांनी बुरशी वाढलेला कोंडा पाण्यात भिजवून अर्क काढला आणि त्यात मद्यार्क मिसळला. तेव्हा ते विकर तळाशी बसले. वाळवल्यावर त्याची पूड झाली. मद्यासाठी शोधलेली ही शक्ती मनुष्याच्या पोटातही पिष्ट पचवू शकेल, हे त्यांनी ओळखले. १८९४ साली त्यांना या कृतीचे एकस्व मिळाले. औषधाचे नाव ताका-डायास्टेस. (ताकाशी याचा संबंध नाही, नावात ताकामिने यांचाच 'ताका' आहे.) पार्क-डेव्हिस या कंपनीने ते बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत ताकामिने श्रीमंत झाले. जैवतंत्रज्ञान हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता.

पुढे १९०० साली सहकारी केइझो उएनाका यांच्यासह त्यांनी ॲड्रिनलिन हे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. वॉशिंग्टन शहरात १९१२ साली जपानहून आलेल्या चेरीच्या ३०२० झाडांमागेही त्यांचे औदार्य होते. १९२२ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील औषधांच्या दुकानांत पाचक औषधे मिळतात. त्यांतील पुष्कळ बाटल्यांवरील घटकांच्या यादीत 'फंगल डायास्टेस' असे लिहिलेले आढळते. फंगल म्हणजे बुरशीचे.