दादासाहेबांनी मागितलेली जमीन

आमच्या करमाळा तालुक्यात 14 एप्रिल दणक्यात साजरा होतो. कमानी उभ्या राहतात, डीजे येतो, फ्लेक्सवर चाळीस-चाळीस चेहरे झळकतात. पण 15 ऑक्टोबर आणि 29 डिसेंबर हे दोन दिवस कधी येतात आणि कधी जातात याचा पत्ता आमच्यातल्या शिकलेल्यांनाही लागत नाही. पहिला दिवस कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या जन्माचा, दुसरा त्यांच्या निधनाचा. ज्या माणसाने भूमिहीनांसाठी तीन लाखांवर माणसे तुरुंगात नेली, तो माणूस आमच्या वस्त्यांत आज एका सरकारी योजनेच्या नावापुरता उरला आहे. आणि त्या योजनेतून तरी जमीन किती जणांना मिळाली, हा आमचा प्रश्न आहे. पण आधी माणूस समजून घेऊ.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 1902 साली नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. घरी वतन म्हणजे गावकी, गावकी म्हणजे वेठबिगार, हे त्या काळच्या प्रत्येक महारवाड्याचे चित्र. भाऊरावांच्या पाठीशी ना पैसा होता, ना परदेशातली पदवी, ना कुणी बडा आश्रयदाता. धोतर, साधा सदरा आणि खेड्यातली रांगडी बोली एवढीच त्यांची मिळकत. पुढे याच धोतरावरून आपल्याच लोकांनी त्यांची टिंगल केली, तो भाग येईलच.

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह कमिटीचे चिटणीस भाऊराव गायकवाड होते आणि त्यांचे वय होते 27 वर्षे. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो लोकांची शिस्तबद्ध मिरवणूक शहरातून निघाली. मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. समोर कोण होते? नाशिकचा सारा सनातनी वर्ग, पुजारी, व्यापारी, गावोगावचे पाटील, आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज सरकारचा पोलीस. रामनवमीला रथ ओढण्यावरून झालेला समझोता सवर्णांनी मोडला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेबांनाही त्यात मार लागला.

शहरातली दगडफेक एका दिवसाची होती. खेड्यांतली शिक्षा मात्र रोजची होती. सत्याग्रहाला माणसे पाठवणाऱ्या वस्त्यांवर बहिष्कार पडला, वाटा अडवल्या गेल्या, दुकानदार मीठ-मिरची देईनात. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि नाशिकचा सारा भार भाऊरावांवर आला. वस्ती टिकली तर सत्याग्रह टिकणार होता, म्हणून ते गावोगाव हिंडत राहिले. बाबासाहेब त्यांना पत्रांतून सूचना देत. ती पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. नेता आणि कार्यकर्ता यांच्यात किती विश्वास असू शकतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने ती जरूर वाचावीत.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. दारावर बसलेली ही माणसे रामाच्या भक्तीने वेडी झाली होती, असे काही लोक अजून सांगतात. ते खोटे आहे. मूर्ती पाहिल्याने भाकरी मिळत नाही हे बाबासाहेबांनाही ठाऊक होते आणि भाऊरावांनाही. प्रश्न माणूस म्हणून हक्काचा होता. पाच वर्षे दरवाजा उघडला नाही. 1934 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना कळवले की आता ही ताकद मंदिरावर खर्च करू नये, ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. चार वर्षे मार खाल्लेल्या कार्यकर्त्याला असे सांगणे सोपे नव्हते आणि त्याने ते मनापासून स्वीकारणे त्याहून कठीण होते. भाऊरावांनी ते स्वीकारले. 13 ऑक्टोबर 1935 ला त्यांच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. श्रद्धा हा शब्द वापरायचाच असेल तर आम्ही तो येथे वापरू. पुढची वाट दिसत नसताना, लाखोंच्या विरोधात, ही माणसे घराबाहेर पडली ती देवावरच्या भरवशाने नव्हे. आपल्या माणसांवर आणि आपल्या नेत्यावर त्यांचा भरवसा होता.

1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. 1957 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नाशिकमधून लोकसभेवर गेले. 1962 ते 1968 राज्यसभेत होते. ही पदे आम्ही एका दमात सांगून टाकतो, कारण दादासाहेब पदांमुळे मोठे झाले नाहीत.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. एका बाजूला शहरातले वकील-पदवीधर, दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि खेड्यातली माणसे. धोतरवाल्यांना संविधान काय कळते, असा सूर निघाला. लढा कायद्याच्या चौकटीत चालवायचा की रस्त्यावर, असा तो वाद होता. दादासाहेबांचे म्हणणे साधे होते. खेड्यातल्या माणसाजवळ जमीन नाही तोवर तो पाटलाच्या दारात उभा राहणारच. 1959 च्या 1 ऑगस्टपासून महार वतन रद्द झाले, पण वतन गेले म्हणून जमीन हाती आली असे सर्वत्र घडले नाही. जमीन परत घ्यायची तर सरकारला रक्कम भरायची होती, आणि वतनाच्या जमिनी अनेक गावी आधीच दुसऱ्याच्या नांगराखाली गेल्या होत्या. आमच्या भागात आजही महारकीच्या जमिनीच्या केसेस कोर्टात आहेत, त्याचे मूळ तेथे आहे.

1959 ला खानदेश, मराठवाडा, नाशिक, नगर भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. दादासाहेबांनी ती एका जातीपुरती ठेवली नाही, आणि हे आमच्या विरोधकांनी सोयीस्करपणे विसरले. त्यापुढचे पाऊल देशव्यापी होते. 6 डिसेंबर 1964 पासून पुढचे दोन महिने माणसे तुरुंगात जात राहिली. पक्षाच्या हिशेबाने आकडा तीन लाखांच्या वर गेला. बायका लेकरांसह गेल्या. तुरुंग अपुरे पडले. दादासाहेब तेव्हा 62 वर्षांचे होते.

मागण्या काय होत्या ते पाहा. पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतनाची अंमलबजावणी, स्वस्त धान्य, झोपडपट्ट्यांची सुधारणा, बौद्ध झालेल्यांना सवलती, आणि संसदेत बाबासाहेबांचे चित्र. शास्त्रीजींच्या सरकारने बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. पण संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात चित्र लागायला 1990 उजाडले आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. तोवर दादासाहेबांना जाऊन 18 वर्षे झाली होती. जमिनीची मागणी मात्र मागेच राहिली.

1967 च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्या समझोत्यातून पक्षाला मिळाले थोडे आणि गमावले फार, आणि पुढच्या पिढीला सत्तेच्या दाराशी ताटकळण्याची सवय तेथूनच लागली. 1968 साली पद्मश्री आली. त्याने कोणाच्या सातबाऱ्यावर नाव चढले नाही. पण ज्यांनी या एका गोष्टीसाठी त्यांचे सारे आयुष्य खोडून टाकले, त्यांनी स्वतः किती एकर मिळवून दिली, हेही विचारायला हवे. 29 डिसेंबर 1971 ला दादासाहेब गेले.

आता योजनेकडे वळू. 2004 साली सुरू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. पूर्वी निम्मे कर्ज असे, 2018 पासून पूर्ण अनुदान. त्याच वेळी जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांची मर्यादा ठरली. कागदावर उत्तम. पण आमच्या तालुक्यात उजनीचे पाणी जेथवर पोचले तेथवर ऊस आला, आणि उसाच्या रानाला त्या भावात हात लावू देणारा जमीनदार कोण? पाणी नाही तेथली मुरमाड जमीन मिळेल, ती घेऊन ऊसतोडीलाच जायचे.

मग उरते गायरान. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायची होती. ज्यांच्याजवळ पंचनामा, दंडाची पावती, पीकपाण्याची नोंद होती त्यांची काही झाली. बाकीच्यांचे अर्ज फायलीत पडले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हटले, त्यात सरकारी आदेशाने भूमिहीनांना व दलितांना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. 2022 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या लोकांना नोटिसा गेल्या. नोटीस काढणाऱ्या कार्यालयांना तो अपवाद ठाऊक होता की नाही, कोण जाणे.

म्हणून ज्यांच्या घरी 1990 पूर्वीची दंडाची एखादी पिवळी पडलेली पावती असेल, त्यांनी ती आजच शोधावी. तिच्या चार झेरॉक्स काढाव्यात, गाव नमुना एक-ई ची नक्कल तलाठ्याकडे लेखी मागावी, आणि तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये. पोच घ्यावी, तीवर शिक्का घ्यावा. नाशिकच्या दरवाजावर पाच वर्षे बसलेल्यांची लेकरे आहोत, तहसीलच्या व्हरांड्यात पाच दिवस बसायला आपल्याला जड जाऊ नये.