अजाण वयातील विवाह आणि पित्याचा वारसा

विवाहाचा अर्थ उमगण्याइतकी समज नसताना लावलेले लग्न बंधनकारक ठरते काय, या प्रश्नासाठी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवणाऱ्या डॉ. रखमाबाई राऊत यांच्या जीवनकथेत मालमत्तेचा धागाही गुंतलेला आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच निवर्तले. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. मात्र पुनर्विवाह होताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपुष्टात येई. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह करण्यापूर्वी ती मालमत्ता मुलीच्या नावे केली.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या. १८८४ मध्ये पत्नीने नांदायला यावे, यासाठी दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचा डोळा मालमत्तेवर असल्याचे एक बाजू म्हणत होती; ती हातची जाऊ नये म्हणून माहेरचे लोक मुलीला अडवतात, असा दुसऱ्या बाजूचा आरोप होता.

१८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. असहाय बालवयात लग्न झालेल्या स्त्रीवर सक्ती करणे त्यांना अमान्य होते. अपिलात हा निर्णय फिरला. हिंदू विवाह हा संस्कार मानला जात असल्याने वधूच्या संमतीचा मुद्दा गौण ठरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. लोकमान्य टिळकांनी त्यांच्यावर टीका केली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. वैध संमती देण्याची मानसिक क्षमता हवी, ही अट त्यात १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाली. तरीही अशा क्षमतेअभावी झालेला विवाह न्यायालयाने रद्द करेपर्यंत वैधच मानला जातो आणि मृत्युपत्र नसल्यास हयात जोडीदार वारस ठरतो. जयंतीबाईंनी वेळीच केलेल्या तजविजीचे महत्त्व म्हणूनच आजही कमी झालेले नाही.