विल्यम कॅरी आणि त्यांचे पंडित

विल्यम कॅरी ह्यांचे नाव आमच्या मंडळ्यांत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म 1761 साली इंग्लंडात झाला. जोडे शिवण्याचा धंदा करीत असता त्यांनी लॅटिन, ग्रीक वगैरे भाषा शिकून घेतल्या, आणि 1793 साली ते बंगाल्यात आले. ज्या पुरुषाने इतक्या भाषांत शास्त्र छापविले त्याला दुसऱ्याची गरज कशाला पडली असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. खरी गोष्ट अगदी उलट आहे.

बंगाली भाषेत त्यांस रामराम बसू ह्यांचे साहाय्य होते. छापण्याची कला आपणास येत नाही हे जाणून, हिंदुस्थानास निघण्यापूर्वीच त्यांनी विल्यम वॉर्ड नामक तरुण मुद्रकास पुढे तुमची गरज लागेल असे सांगून ठेविले होते. वॉर्ड 1799 साली आले. कलकत्त्याजवळ सेरामपूर येथे छापखाना निघाल्यावर ठसे कोरण्यास पंचानन कर्मकार हे कारागीर मिळाले.

आम्हांस विशेष वाटते ती मराठीची हकीकत. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अंमलदारांस मराठी शिकवीत, आणि त्याच कॉलेजातील पंडित वैजनाथ ह्यांस आपल्या शंका विचारीत. वैजनाथ पगाराने त्यांच्या हाताखाली होते. गुरूच्या खुर्चीवर बसून हाताखालच्या मनुष्यास विचारणे सोपे नाही. आमच्यातील कित्येक उपदेशकांस शाळामास्तरांस एक कठीण शब्द विचारतानाही संकोच वाटतो! कॅरींनी तर 1805 साली छापलेल्या मराठी व्याकरणाच्या प्रस्तावनेत वैजनाथांचे साहाय्य नावानिशी कबूल केले. 1810 साली त्यांचा मराठी कोशही निघाला.

11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागली. कागद, ठसे व अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. सेरामपूरकरांनी हानी झाकली नाही; वर्तमान पोहोचताच ब्रिटनमधील मंडळ्यांनी द्रव्य पाठविले.

तथापि एक उणीव राहिली, तीही सांगितली पाहिजे. कॅरी 1834 साली वारले, तोपर्यंत त्यांस महाराष्ट्र पाहण्याचा योग आला नाही. कलकत्त्यास बसून मराठीविषयी विचारावयाचे ते मोजक्याच माणसांस. त्यामुळे 1811 साली छापलेल्या मराठी नव्या कराराची भाषा इकडील लोकांच्या कानी रुळली नाही. 1813 साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे नवे भाषांतर हाती घेतले, आणि त्यासाठी इकडच्याच पंडितांस जवळ बसविले.