एकाची दोन होतात तेव्हा: फिलिप गॉस यांची गोष्ट

तुम्ही कुणाच्या तरी घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक पाहिला असेल. त्यात रंगीत प्रवाळ असतात, केशरी-पांढरा क्लाउनफिश असतो आणि त्या माशाचं घर असतं. ते घर म्हणजे समुद्रपुष्प. दुकानात त्याला सी ॲनिमोन म्हणतात. नाव फुलाचं असलं, तरी तो प्राणी आहे. त्याला खडकाला चिकटणारं बूड असतं, वर मधोमध तोंड असतं आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडकांची झालर असते. या शुंडकांनी तो भक्ष्याला डंख मारतो.

कधी कधी टाकीत एक गंमत घडते. परवा एकच समुद्रपुष्प होतं आणि आज दोन दिसतात! दुसरं कुणी आणलं? कुणीच नाही. पहिलंच मधोमध फाटलं आणि एकाची दोन झाली. असं का होतं? ते समजून घेण्याआधी एका माणसाची ओळख करून घेऊ या. समुद्रपुष्पांना लोकांच्या दिवाणखान्यात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म 1810 साली इंग्लंडमध्ये झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. घरात पैसे कमीच. फिलिप समुद्राकाठच्या पूल नावाच्या गावात वाढला. त्याच्या आत्याला किडे, शिंपले, समुद्रातले जीव यांचं फार वेड होतं. समुद्रपुष्पं भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात ठेवून पाहायची असतात, हे त्याला आत्यानेच शिकवलं.

सतरा वर्षांचा झाल्यावर फिलिप नोकरीसाठी जहाजाने न्यूफाउंडलंडला गेला. तिथे तो कारकून होता. दिवसा हिशेब लिहायचा आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायचा. पुढे कॅनडात त्याने शेती केली, पण ती काही जमली नाही. मग अमेरिकेत अलाबामाला काही महिने शाळेत शिकवलं. 1839 साली तो इंग्लंडला परत आला. हातात पैसे नव्हते, पण वह्या भरून नोंदी होत्या आणि सुंदर चित्रं होती. त्या नोंदींतूनच त्याची पुस्तकं तयार झाली. घर सोडून दूर देशात राहणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांना चांगलं माहीत आहे, नाही का?

1852 साली गॉस यांची तब्येत बिघडली. म्हणून ते डेव्हनच्या समुद्रकिनारी राहायला गेले. तिथे त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. समुद्रातले जीव काचेच्या भांड्यात ठेवले की पाणी खराब होऊन ते मरतात. मग त्यांना जगवायचं कसं? गॉस यांनी भांड्यात समुद्रातली शेवाळं लावली. उजेडात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं आणि प्राणी तो घेतात. दोघांचं प्रमाण नीट जमलं, तर पाणी बराच काळ चांगलं राहतं. गोड्या पाण्यात हा प्रयोग आधी झाला होता. आता तो समुद्राच्या पाण्यातही साधला.

1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यातले कितीतरी जीव गॉस यांनी पुरवले होते. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनंतर. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी ते पाहिलं असेल. 1854 साली गॉस यांनी घरच्या मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि ते खूप खपलं.

1857 साली त्यांच्यावर मोठं दुःख कोसळलं. पत्नी एमिली कर्करोगाने गेली. सात वर्षांच्या एडमंडला घेऊन ते पुन्हा डेव्हनला आले. बापलेक ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत शोध घ्यायचे. गॉस तेव्हा इंग्लंडच्या समुद्रपुष्पांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. एडमंड नऊ वर्षांचा असताना त्याला एक नवीन प्रकारचं छोटं समुद्रपुष्प सापडलं आणि वडिलांनी त्याची नोंद ग्रंथात केली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. समुद्रपुष्प का फाटतं?

ते फाटतं, कारण पिल्लं वाढवण्याचा त्याच्याकडे हाही एक मार्ग आहे. त्याचं बूड दोन बाजूंना ओढलं जातं. शरीर ताणत जातं आणि शेवटी मधून तुटतं. याला काही तास लागतात, कधी काही दिवस. मग प्रत्येक अर्धा भाग स्वतःला मिटून घेतो, जखम भरते आणि दोन पूर्ण प्राणी तयार होतात. दोन्ही अगदी एकाच साच्यातले. काही जातींमध्ये तर सरकताना मागे राहिलेल्या बुडाच्या तुकड्यातूनही नवा जीव वाढतो. मात्र सगळ्याच जाती अशा फाटत नाहीत.

याची दोन उलट कारणं असू शकतात. खाणं भरपूर आणि पाणी चांगलं असलं, की समुद्रपुष्प मोठं होतं आणि फाटतं. पण पाणी एकदम तापलं, खारटपणा बदलला किंवा इजा झाली, तरीही ते फाटू शकतं. म्हणून एकाची दोन झाली की लगेच पेढे वाटू नका! आधी पाणी तपासा. आणि जखम भरेपर्यंत त्यांना त्रास देऊ नका.

गॉस यांच्या गोष्टीचा शेवट मात्र थोडा दुःखी आहे. त्यांची पुस्तकं वाचून लोक वेडे झाले. बरण्या आणि जाळी घेऊन माणसं किनाऱ्यावर येऊ लागली. त्यांनी डबकीच्या डबकी रिकामी केली. समुद्रावर प्रेम करायला गॉस यांनी शिकवलं आणि त्या प्रेमानेच किनारे ओस पडले. त्याचं वडिलांना फार वाईट वाटलं, असं एडमंडने 1907 साली एका पुस्तकात लिहून ठेवलं आहे. गॉस 1888 साली वारले.

आता नकाशात कतारच्या उत्तर टोकाला बोट ठेवा. तिथे अल रुवैस हे मासेमारीचं जुनं बंदर आहे. इथला समुद्र उथळ आहे आणि उन्हाळ्यात तो खूप तापतो. 1998 साली आखातातलं पाणी इतकं तापलं, की कतारच्या आसपासचे बरेच प्रवाळ मेले. जे जीव तरीही तग धरून आहेत, त्यांना आपण उचलून न्यायचं का? स्कॉटलंडमध्ये 1828 साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रपुष्प बरणीत 1887 पर्यंत जगलं. म्हणजे आपण फूल तोडत नाही, साठ वर्षं जगू शकणारा प्राणी घरी नेतो.

तुम्ही अल रुवैसला राहत असा किंवा सुट्टीत तिथे जाणार असा, डबक्यात खुशाल डोकवा, चित्र काढा, फोटो घ्या, पण हात रिकामे ठेवूनच परत या. घरच्या टाकीसाठी समुद्रपुष्प हवंच असेल, तर ज्यांच्या टाकीत एकाची दोन झाली आहेत, त्यांच्याकडे एक मागा. ते मिळेपर्यंत वाट पाहावी लागेल. पण समुद्रातलं काहीच कमी होणार नाही.

विचार करा आणि सांगा
1. समुद्रपुष्प फाटलं की आधी पाणी का तपासावं?
2. गॉस यांना कशाचं वाईट वाटलं? त्यात त्यांची चूक होती का? तुमचं मत चार वाक्यांत लिहा.
3. तुमच्या आजी-आजोबांनी कोणता समुद्रकिनारा पाहिला आहे? तो तेव्हा कसा होता, ते त्यांना मराठीत विचारा.