एका सहीची किंमत

एम-वनचं पहिलं युनिट म्हणजे मॅट्रिसेस. रँक काढा, आयगेन व्हॅल्यू काढा, केली-हॅमिल्टन लावा आणि मार्क घ्या! मॅट्रिक्स हा शब्द कुणी काढला असेल, असा प्रश्न मला परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा कधी पडला नाही. (आदल्या रात्री वेगळेच प्रश्न पडतात.) मग एकदा लायब्ररीत गणिताच्या इतिहासाचं पुस्तक चाळताना तो माणूस सापडला. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर. आणि गंमत म्हणजे, ज्याच्या शब्दावर आपण डिग्री मिळवतो, त्याला स्वतःच्या कॉलेजची डिग्री पस्तीस वर्षं मिळाली नव्हती. नापास झाला म्हणून नाही. ज्यू होता म्हणून.

सिल्व्हेस्टरचा जन्म १८१४ सालचा, लंडनमधला. चौदाव्या वर्षी तो तिथल्या नव्या विद्यापीठात डी मॉर्गनकडे शिकायला गेला. हाच आपला बूलियन अल्जेब्रातला डी मॉर्गन! या विद्यापीठात धर्माची अट नव्हती. पण भडक डोक्याच्या या मुलाचं तिथे जमलं नाही. घरच्यांनी त्याला लिव्हरपूलच्या शाळेत घातलं. तिथे पोरांनी ज्यू म्हणून छळलं, तेव्हा तो पळून थेट डब्लिनला गेला असं सांगतात. हे डब्लिन लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१८३१ साली तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये चर्च ऑफ इंग्लंडची एकोणचाळीस धर्मकलमं मान्य केल्याशिवाय प्रवेशच नसे. केंब्रिज त्यातल्या त्यात उदार! शिका, परीक्षा द्या, पण डिग्री घेताना आपण याच चर्चचे आहोत असं लिहून द्या. कॉलेजचं रोजचं आयुष्य चॅपेलभोवती फिरायचं. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी संपतो, तर केंब्रिजची सुट्टी रविवारची. अशा ठिकाणी ज्यू मुलगा म्हणजे पाहुणाच. पंगतीला बसवलेला, पण दक्षिणेच्या वेळी वगळलेला.

मध्ये आजारपणात वर्षं गेली. शेवटी १८३७ मध्ये त्याने ट्रायपॉस ही गणिताची अवघड परीक्षा दिली आणि दुसरा आला. चौथा कोण होता माहीत आहे? जॉर्ज ग्रीन, ग्रीन्स थिअरमवाला! त्याच्याही वर आलेल्या मुलाला डिग्री नाही, बक्षिसाच्या स्पर्धेत बसता येत नाही, फेलोशिप नाही. कारण त्याने ते लिहून दिलं नाही.

खरं सांगते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढं काय, द्यायचं लिहून! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. रोज सकाळी असेंब्लीत हात जोडून येशूची प्रार्थना म्हटली आणि संध्याकाळी आजीने बसवलं की शुभंकरोती. दोन्हीत मला कधी अडचण वाटली नाही. पण मग लक्षात आलं, की शाळेत मला कुणी असं लिहून मागितलं नव्हतं की मी आजीच्या घरची नाही. त्यावर माझी मार्कशीट अडवली नव्हती. प्रार्थना म्हणणं वेगळं आणि मी जो आहे तो नाहीच, असं लिहून देणं वेगळं.

पुढची कहाणी म्हणजे नुसती धावपळ. १८४१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला बी.ए. आणि एम.ए. दोन्ही दिल्या, कारण तिथे अशी अट नव्हती. त्याच वर्षी तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात प्रोफेसर झाला. ज्यू माणूस नेमला म्हणून तिथे आधीच कुरकुर होती. त्यात एका विद्यार्थ्याशी भांडण झालं, विद्यापीठाने साथ दिली नाही, काही महिन्यांतच त्याने नोकरी सोडली. इंग्लंडला परतून विमा कंपनीत हिशेब केले, वकिलीचा अभ्यास केला. तिथेच दुसरा गणितवेडा वकील भेटला, आर्थर केली. हाच केली-हॅमिल्टनमधला केली! १८५० मध्ये सिल्व्हेस्टरने आकड्यांच्या चौकटीला मॅट्रिक्स हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय, कारण त्यातून डिटर्मिनंट्स जन्माला येतात. डिस्क्रिमिनंट हा शब्दही त्याचाच.

मग वूलिचच्या लष्करी अकादमीत पंधरा वर्षं शिकवलं आणि पंचावन्नाव्या वर्षी सक्तीची निवृत्ती. इकडे केंब्रिजमध्ये १८६९ साली न्यूमा हार्टोग नावाचा ज्यू विद्यार्थी ट्रायपॉसमध्ये चक्क पहिला आला. बी.ए.ची अट १८५६ मध्येच गेली होती, त्यामुळे त्याला डिग्री मिळाली. पण फेलोशिपची अट कायम होती. त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. १८७१ मध्ये कायदा झाला आणि धर्माच्या अटी उठल्या. त्याच वर्षी हार्टोग देवीच्या साथीत गेला, अवघ्या पंचविशीत. १८७२ मध्ये केंब्रिजने सिल्व्हेस्टरला डिग्री दिली. तेव्हा तो सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा होता.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. १८७६ मध्ये तो बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. १८७८ मध्ये क्रिस्टीन लॅड नावाच्या मुलीने तिथे अर्ज केला. मुलींना प्रवेश नव्हता. सिल्व्हेस्टरने तिचं गणित आधी मासिकात वाचलेलं होतं. तो तिच्यासाठी भांडला आणि तिला वर्गात बसायला मिळालं. १८८२ पर्यंत तिचं पीएच.डी.चं काम पूर्ण झालं, पण बाई म्हणून डिग्री दिली नाही. ती मिळाली १९२६ मध्ये, तिच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! दार बंद असण्याचं दुःख ज्याला माहीत होतं, त्याने निदान दार ढकलून तरी पाहिलं.

१८८३ मध्ये ऑक्सफर्डने सिल्व्हेस्टरला भूमितीचा प्रोफेसर नेमलं. जिथे तरुणपणी त्याला प्रवेशसुद्धा मिळाला नसता, तिथे! १८९७ मध्ये तो लंडनमध्ये वारला आणि ज्यू दफनभूमीतच त्याला पुरलं.

अॅडमिशनच्या दिवशी आपण कितीतरी कागदांवर न वाचता सह्या ठोकतो. मीही ठोकल्या. त्यातल्या एखाद्या कागदावर मी जी आहे ती नाही असं लिहिलेलं असतं, तर मी पेन खाली ठेवलं असतं का? उत्तर अजून सापडलेलं नाही. पण आता मॅट्रिक्सचा चौकोनी कंस काढताना तो दुसरा आलेला मुलगा आठवतो.

— टी.ई. मेकॅनिकल