बोरीबंदरच्या वास्तूचे निर्माते : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

पांढुर्ण्यावरून जाणारा लोहमार्ग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडतो आणि मध्य रेल्वेचा कारभार चालतो तो मुंबईच्या बोरीबंदर येथील भव्य वास्तूतून. सौंसरहून नागपूरमार्गे मुंबईस गेलेल्या आपल्या अनेक वाचकांनी ती पाहिली असेल. तिच्या निर्मात्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म इंग्लंडमधील बाथ येथे १८४७ साली झाला. १८६७ मध्ये, ऐन विशीत, ते सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस म्हणून हिंदुस्थानात आले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने आपल्या मुख्य स्थानकाचे काम त्यांच्याकडे सोपविले. युरोपातील स्थानके पाहून आल्यावर त्यांनी आराखडा सिद्ध केला. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि त्यास दहा वर्षे लागली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये आला.

गॉथिक शैलीच्या टोकदार कमानींना त्यांनी येथील राजवाड्यांच्या वळणाची जोड दिली. मधला अष्टकोनी घुमट आतून आधाराचा सांगाडा न उभारता रचला गेला, हे त्या काळी नवल मानले गेले. परंतु हे यश एकट्या स्टीव्हन्स यांचे नव्हे. सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे एतद्देशीय अभियंते त्यांच्या साहाय्यास होते. दगडांतील पाने, फुले, पशुपक्षी घडविण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणी नोंदून ठेवली नाहीत.

पुढे मुंबई महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांनीच उभी केली. १९०० साली हिवतापाने मुंबईतच त्यांचे देहावसान झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले.

१८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या स्थानकास तिचे नाव मिळाले होते. १९९६ मध्ये ते जाऊन छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव आले. २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हे पद जोडले गेले. तत्पूर्वी २००४ मध्ये युनेस्कोने वास्तूस जागतिक वारशाचा दर्जा दिला होता. साम्राज्याचे वैभव मिरविण्यासाठी उभारलेली ही वास्तू रोज तेथून ये-जा करणाऱ्या सामान्य माणसांनी केव्हाच आपलीशी केली आहे. शंभर वर्षांच्या ग्रंथालयालाही हाच न्याय लागू पडतो. भिंती उभारणाऱ्यांचे ऋण मोठेच. पण वास्तू टिकते ती तेथे येत राहणाऱ्यांमुळे. म्हणूनच अशा प्रसंगी ज्यांची नावे कोनशिलेवर नाहीत, त्यांचीही आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य ठरते.