केवड्याच्या झाडाखालचा मुक्काम : मोलोकाईचे संत डेमियन

मे महिन्याच्या १० तारखेला ख्रिस्तसभा संत डेमियन यांचा सण साजरा करते. बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्युदिनी येतो. फादर डेमियन यांचे देहावसान १८८९ साली १५ एप्रिल रोजी झाले. परंतु त्यांच्या सणासाठी १० मे हा दिवस निवडला गेला. १८७३ साली याच दिवशी त्यांनी मोलोकाई बेटावरील कालावाओ येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत पाऊल ठेवले होते. ही निवड आम्हाला अतिशय योग्य वाटते. कारण त्यांचे मोठेपण ते कसे मरण पावले यापेक्षा ते तेथे कसे राहिले यात अधिक आहे.

बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव योसेफ, आडनाव द व्हुस्टर. वडिलांचा धान्याचा व्यापार होता आणि मुलाने तो पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल ठेवून योसेफ १८५९ साली लुव्हेन येथे येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला व त्याने डेमियन हे नाव धारण केले. भाऊ फादर पांफिल यांची हवाई बेटांवरील मिशनसाठी निवड झाली होती. ऐन निघण्याच्या वेळी ते आजारी पडले. डेमियन यांनी, अद्याप गुरुदीक्षाही झालेली नसताना, स्थानिक वरिष्ठांना वगळून थेट पॅरिसला संघाच्या प्रमुखांकडे पत्र धाडले आणि भावाची जागा मागितली. ती मिळाली. वरिष्ठांना डावलून पुढे जाण्याचा हा स्वभाव त्यांना आयुष्यभर सोडणार नव्हता.

काही महिन्यांचा सागरप्रवास करून ते १८६४ साली १९ मार्च रोजी, म्हणजे संत योसेफच्या सणाच्या दिवशी, होनोलुलूला पोहोचले. त्याच वर्षी २१ मे रोजी तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर आधी पुना आणि मग कोहाला भागात काढली. ज्वालामुखींचा तो प्रदेश, एका गावाहून दुसऱ्या गावी जायला कित्येक तासांची घोड्यावरची वाट. तेथे ते स्थानिक भाषा शिकले, सुतारकाम शिकले आणि स्वतःच्या हातांनी चॅपेल उभारू लागले. तेथील लोकांनी त्यांचे नाव आपल्या जिभेला वळेल असे करून घेतले : कामिआनो.

याच काळात हवाईच्या राज्यावर एक वेगळेच संकट कोसळले होते. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटत होती. त्यात कुष्ठरोगाची भर पडली. १८६५ साली राजा पाचवे कामेहामेहा यांच्या कारकिर्दीत रोग्यांना समाजापासून अलग करण्याचा कायदा झाला आणि १८६६ च्या जानेवारीत रुग्णांची पहिली तुकडी मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावर उतरवण्यात आली. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सहाशे मीटर व त्याहूनही उंच असा सरळसोट कडा. तटबंदीचे काम निसर्गानेच केले होते. आपल्या वाडवडिलांनी या व्याधीला महारोग म्हटले. हवाईच्या लोकांनी तिला ताटातूट करणारा आजार असे नाव दिले. मुलाला आईपासून आणि नवऱ्याला बायकोपासून सरकारी अधिकारी घेऊन जात, तेव्हा हे नाव किती अचूक आहे हे साऱ्या गावाला कळत असे. काही निरोगी पती किंवा पत्नी आपल्या जोडीदारासोबत स्वखुशीने तेथे जात. त्यांना कोकुआ, म्हणजे मदतनीस, म्हणत. फादर डेमियन तेथे जाण्याच्या कितीतरी आधी हा त्याग या साध्या, अनाम माणसांनी केला होता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्यांचे चरित्र लिहिताना ही माणसे बहुधा विसरली जातात.

वसाहतीतील काथलिक रुग्ण धर्मगुरूची मागणी करीत होते. अधूनमधून धर्मगुरू येऊन जात. १८७२ साली एका धर्मबंधूने तेथे संत फिलोमिनाच्या नावाने लहानसे लाकडी चॅपेलही उभारले होते. परंतु कायम राहणारे कोणी नव्हते. १८७३ च्या मे महिन्यात माउई बेटावर एका नव्या चर्चच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू जमले असताना बिशप लुई मेग्रे यांनी हा विषय काढला. कोणाला आज्ञा करणे त्यांच्या जिवावर आले असावे. चौघे तरुण धर्मगुरू पुढे आले आणि त्यांनी आळीपाळीने जावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची होती. बिशप स्वतः त्यांना घेऊन १० मे रोजी कालावाओला गेले, रुग्णांशी त्यांची ओळख करून दिली आणि परतले.

तेहतीस वर्षांच्या या धर्मगुरूला राहायला घर नव्हते. चॅपेलशेजारी केवड्याच्या जातीचे एक झाड होते. पहिले काही आठवडे त्यांनी त्याच्याखाली झोपून काढले. आल्यानंतर अगदी थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले की, आपल्याला येथेच कायम राहू द्यावे. दुसरी पाळी कधी आलीच नाही.

आता येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते. व्यासपीठावरून आम्ही धर्मगुरू एक प्रसंग रंगवून सांगत असतो. डेमियन यांना कुष्ठरोग जडल्याचे समजले आणि त्यानंतरच्या रविवारी प्रवचनात त्यांनी श्रोत्यांना बंधुभगिनी म्हणण्याऐवजी आम्ही कुष्ठरोगी असे शब्द वापरले, अशी ती कथा. कथा हृदयस्पर्शी आहे, परंतु क्रम उलटा आहे. १८७३ साली, म्हणजे वसाहतीत येऊन काही महिनेच झाले असताना, भावाला धाडलेल्या पत्रात त्यांनी आपण प्रवचनात असेच बोलतो हे कळवले होते. त्या वेळी त्यांची त्वचा निरोगी होती. आधी त्यांनी तो शब्द स्वीकारला, रोग अकरा वर्षांनी आला.

हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते. जखमांच्या दुर्गंधीने सुरुवातीला त्यांचा जीव गुदमरत असे. झोपडीत एखाद्याचे पापनिवेदन ऐकताना मध्येच उठून मोकळ्या हवेत जावे लागे. वास सहन व्हावा म्हणून ते पाईप ओढू लागले. वसाहतीत जाताना रुग्णांना स्पर्श न करण्याची ताकीद त्यांना मिळालेली होती. परंतु स्पर्श टाळून तेथे धर्मगुरू होता येत नव्हते. अंत्याभ्यंगात हातापायांना तेल लावायचे, तर बोटे कोठे उरली आहेत हे आधी पाहावे लागे. शिवाय हवाईच्या लोकांचे मुख्य अन्न पोई. आपण ज्याला अळू म्हणतो त्याच वनस्पतीचा कंद उकडून, कुटून केलेले ते सरसरीत मिश्रण एकाच भांड्यातून सर्वांनी बोटांनी खायचे असते. त्या भांड्यात जो बोटे बुडवत नाही तो परका ठरतो. डेमियन त्या भांड्याभोवती बसले. आपला पाईपही त्यांनी इतरांना ओढू दिला. वैद्यकीय दृष्टीने हा अविचार होता असे आज कोणी म्हणेल. ज्या वर्षी ते तेथे गेले त्याच वर्षी नॉर्वेत डॉक्टर हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता, पण उपाय कोणापाशीच नव्हता. आज औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि तो सहजासहजी पसरत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हाच्या माणसांना केवळ भय ठाऊक होते.

कामाला त्यांनी सुरुवात केली ती मृतांपासून. प्रेते चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यांत पुरली जात आणि जनावरे ती उकरीत. फादरांनी दफनभूमीला कुंपण घातले, शवपेट्या स्वतः बनवल्या, कबरी स्वतः खणल्या. मग पाणी. वाइहानाऊ दरीच्या टोकाशी स्वच्छ, थंड पाण्याचे नैसर्गिक कुंड होते. सरकारकडून नळ मिळवून त्यांनी धडधाकट रुग्णांच्या मदतीने ते पाणी वस्तीपर्यंत आणले. १८७४ च्या हिवाळ्यात वादळाने कुजक्या झोपड्या पाडल्या, तेव्हा लाकडाची मागणी करून त्यांनी चौथऱ्यांवर घरे उभारली. मागण्या इतक्या वरचेवर आणि इतक्या उद्धटपणे जात की आरोग्य मंडळाला त्यांचे पत्र म्हणजे डोकेदुखी वाटे. अनाथ मुलामुलींसाठी आश्रयगृहे झाली, वाद्यवृंद झाला, गायनमंडळ झाले. चॅपेलच्या जमिनीला त्यांनी जागोजागी भोके पाडली, कारण रुग्णांना वारंवार थुंकावे लागे आणि त्या लाजेपायी कोणी मिस्साला यायचे थांबू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या साऱ्या बांधकामांत ही भोके आम्हाला सर्वांत थोर वाटतात.

ते सौम्य स्वभावाचे होते असे मात्र समजू नये. चोरून दारू गाळणाऱ्यांच्या अड्ड्यांवर ते काठी घेऊन जात. सोबतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही. त्यांच्या नावे युरोपातून, अगदी अँग्लिकन ख्रिस्तबंधूंकडूनही, देणग्या येऊ लागल्या तेव्हा होनोलुलूतील वरिष्ठांना त्यात प्रसिद्धीची हौस दिसली आणि पत्रांतून त्यांना कठोर शब्द ऐकावे लागले. रोगापेक्षा हे त्यांना अधिक बोचले असावे असे त्यांची पत्रे वाचताना वाटते. आणि एकटेपणा तर होताच. प्रारंभीच्या काळात वसाहतीबाहेर जाण्यावर त्यांना बंदी होती. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने किनाऱ्याजवळ आले, परंतु कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही. फादर डेमियन होडीतून जहाजाजवळ गेले आणि खालूनच, सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात त्यांनी आपले पापनिवेदन केले. आम्हा धर्मगुरूंना दर आठवड्याला पापनिवेदनासाठी सहधर्मगुरू उपलब्ध असतो. ती होडी आम्हाला आठवत राहते.

१८८१ साली राजप्रतिनिधी लिलिउओकालानी यांनी वसाहतीला भेट दिली आणि नंतर त्यांना राजसन्मानाचे पदक पाठवले. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्यात पाय पडला, कातडी भाजली, पण वेदना झाली नाही. जर्मन डॉक्टर आर्निंग यांनी निदान पक्के केले. १८८६ साली मुलाच्या आजाराची भडक बातमी वृत्तपत्रांतून कानी आली आणि त्यानंतर थोड्याच काळात वृद्ध आईने बेल्जियममध्ये प्राण सोडला. डेमियन यांनी मात्र कामाचा वेग वाढवला, कारण वेळ थोडा होता. आता मदतही येऊ लागली. १८८६ च्या जुलैमध्ये अमेरिकन यादवी युद्धात लढलेले जोसेफ डटन आले आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे तेथेच राहिले. १८८८ साली फादर कोनरार्डी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदर मेरिअन कोप दोन धर्मभगिनींसह कायमच्या आल्या. त्याही २०१२ साली संत म्हणून घोषित झाल्या. आपल्या मुलींना आता आई मिळाली हे पाहून फादर निश्चिंत झाले.

१८८९ साली पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. इच्छेप्रमाणे त्यांना त्याच केवड्याच्या झाडाखाली पुरण्यात आले. मृत्यूनंतरही वाद थांबले नाहीत. होनोलुलूतील एका प्रोटेस्टंट पाळकांनी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे पत्र लिहिले आणि त्याला १८९० साली जाहीर उत्तर दिले ते प्रेस्बिटेरियन घराण्यात वाढलेले लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच ते स्वतः वसाहतीत राहून आले होते आणि फादरांचे दोष त्यांनी लपवले नव्हते, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले.

१९३६ साली बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून त्यांचे अवशेष मायदेशी नेण्यात आले आणि लुव्हेनमध्ये ठेवण्यात आले. कालावाओच्या लोकांना हे रुचले नाही; त्यांच्या दृष्टीने कामिआनो घरचा माणूस होता आणि घरच्या माणसाला परक्या मातीत नेले जात होते. रोग्यांना अलग ठेवण्याचा कायदा १९६९ साली रद्द झाला. तोपर्यंत सुमारे ८,००० माणसे त्या किनाऱ्यावर पाठवली गेली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ४ जून १९९५ रोजी ब्रसेल्स येथे डेमियन यांना धन्य घोषित केले आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी रोममध्ये त्यांना संतपद बहाल केले. १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत पाठवण्यात आले. जखमा बांधणारा, शवपेट्यांना खिळे ठोकणारा, पोईच्या भांड्यात बुडणारा तो हात संत फिलोमिनाच्या चॅपेलशेजारील मूळ कबरीत पुन्हा ठेवण्यात आला आहे.